महिन्याला चार लिटर पेट्रोल जातं कुठं?

भांडी घासत ऐकत असाल तर नळ जरा बारीक करा, कारण आज थोडं गणित आहे.

आमच्या गटाने पापड, कुरडई, मसाले बाजाराला न्यायला जुनी पेट्रोल व्हॅन घेतली. कर्ज काढूनच घेतली. चालवते आमच्यातलीच एक ताई. नाव सांगत नाही, तिला ते आवडणार नाही. गाडीचं वेगळं रजिस्टर आहे. २०२२ च्या पानांवर महिन्याला साधारण ९०० किलोमीटर आणि ६० लिटर पेट्रोल, म्हणजे लिटरला १५ किलोमीटर. गेल्या दिवाळीनंतर तेवढ्याच किलोमीटरला ६४ लिटर लागायला लागलं. चार लिटर म्हणजे चारशे रुपयांच्या वर. बैठकीत कुणी स्पष्ट बोललं नाही, पण "पेट्रोल काय पाय फुटून जातंय का?" असं एक वाक्य पडलं आणि सगळ्यांच्या नजरा एकाच बाईकडे वळल्या. दुसऱ्या दिवशी तिने गाडीची किल्ली आणून आमच्या हातात दिली.

किल्ली आम्ही घेतली नाही. पण उत्तरही आमच्याकडे नव्हतं. म्हणून शोधायला लागलो.

पंपावर मिळणारं पेट्रोल आता निव्वळ पेट्रोल नसतं, त्यात इथेनॉल असतं. इथेनॉल म्हणजे उसाची मळी, उसाचा रस, मका, तांदूळ यांपासून केलेलं अल्कोहोल. आपल्या भागातला ऊस कारखान्यात जातो, त्यातला काही असा गाडीच्या टाकीत परत येतो. देशात दहा टक्के मिसळण्याचं उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठलं गेलं. वीस टक्क्यांसाठी आधी २०३० साल धरलं होतं, ते अलीकडे आणलं आणि २०२५ मध्ये तेही गाठल्याचं सरकारने जाहीर केलं. ई-२० म्हणतात ते हेच.

आता गणित. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी. एक लिटर ई-२० मध्ये ८०० मिली पेट्रोल आणि २०० मिली इथेनॉल. त्या २०० मिलीचं काम १३३ मिली पेट्रोलएवढंच. म्हणजे लिटरभर पैसे दिले तरी ताकद ९३३ मिलीची. दहा टक्केवाल्या पेट्रोलचा हिशेब असाच केला तर ९६७ येतात. ९६७ वरून ९३३, म्हणजे शंभरात साडेतीनची घट. १५ किलोमीटर देणारी गाडी साडेचौदा देणार. चालवणारी कितीही प्रामाणिक असो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही लिहिलं आहे, की जुन्या धर्तीच्या चारचाकीत निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ई-२० ने सहा-सात टक्के ॲव्हरेज कमी होईल आणि दुचाकीत तीन-चार टक्के. ई-२० साठीच जुळवलेल्या नव्या चारचाकीत एक-दोनच टक्के.

पण आमची गाडी साडेचौदा नाही, चौदावर आली होती. उरलेला अर्धा किलोमीटर गॅरेजवाल्या दादांनी दाखवला. एअर फिल्टर धुळीने गच्च आणि मागची दोन्ही चाकं मऊ. गाडीत मिरचीची पोती भरायची आणि हवा बघायची नाही, हा दोष आमचा सगळ्यांचा.

इथेनॉल वाईटच, असं मात्र समजू नका. इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते, मग प्लगची ठिणगी पडते आणि भडका दट्ट्याला ढकलतो. कधी ठिणगीच्या भडक्याबरोबरच उरलेली वाफ दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटते. घाट चढताना इंजिन टकटक वाजतं ते यामुळे. असं न पेटता किती दाब सोसतं, ते सांगणारा आकडा म्हणजे ऑक्टेन. आपल्याकडचं साधं पेट्रोल आधी ९१ चं होतं, ई-२० चं ऑक्टेन ९५ च्या आसपास. म्हणजे टकटक कमी होते.

हीच टकटक थांबवायला पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं घालत. अमेरिकेत १९२१ मध्ये तो शोध लागला आणि जगभर पसरला. इंजिन गप्प झालं, पण धुरातलं शिसं लेकरांच्या रक्तात गेलं, मेंदूला बाधलं. भारतात २००० सालापासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. तेव्हा इंजिनला मानवलं म्हणजे माणसाला मानवलंच, असं नसतं.

महागड्या, जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलबद्दल बायका विचारतात. तुमच्या गाडीच्या पुस्तकात ते लागतं असं लिहिलं असेल तरच घाला. साध्या इंजिनाला त्याने जादा ताकद येत नाही. टाकीत ओतायच्या छोट्या बाटल्यांचंही तसंच. त्यातली काही औषधं पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरवरची काजळी काढतात, हे खरं. पण ॲव्हरेज दुप्पट करते म्हणणारी बाटली आम्ही तर घेणार नाही. तेवढ्यात एअर फिल्टर येतो.

जुन्या गाडीवाल्यांनी दोन गोष्टींवर खरंच लक्ष ठेवायचं. एक पाणी. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यातल्या पापडासारखं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं, आणि पेट्रोल खेचणारी नळी तळाशीच असते. मग गाडी चालू होत नाही किंवा धक्के देते. म्हणून पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नका, टाकीचं झाकण घट्ट लावा, त्याची रबरी रिंग फाटली असेल तर बदला. दुसरी गोष्ट रबरी नळ्या. जुन्या गाडीतलं रबर इथेनॉलने फुगतं, चिरतं. गाडीपाशी पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू न करता मेकॅनिकला बोलवा. तिथे काडी ओढायची नाही, हे सांगायला नको.

आणि भेसळ. रॉकेल मिसळलं की ऑक्टेन घसरतं, प्लगवर काजळी धरते. शंका आली तर पंपावर फिल्टर पेपर मागा, तो आपला हक्क आहे. नोझलचं तोंड पुसून एक थेंब कागदावर टाका. चांगलं पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं, डाग राहिला तर संशय घ्यायचा. माप कमी वाटलं तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागता येतं. आम्ही दोन्ही करून पाहिलं. पंपावरच्या मुलाने आधी वर-खाली पाहिलं, मग आणून दिलं. पेट्रोलही चोख निघालं, मापही.

ॲव्हरेज काढायची रीतही आम्ही बदलली. पूर्वी कधी दोनशेचं, कधी पाचशेचं भरायचो आणि अंदाजाने लिहायचो. आता टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा लिहायचा, गाडी चालवायची, परत काठोकाठ भरायची. दुसऱ्या वेळी जेवढे लिटर बसले, त्याने मधल्या किलोमीटरना भागायचं. पावती रजिस्टरला टाचायची.

पुढच्या बैठकीत हे सगळं फळ्यावर मांडलं. पाय फुटण्याचं वाक्य जिने टाकलं होतं, तिनेच उठून त्या ताईपुढे चहाचा कप धरला. ताईने घेतला, पण लगेच नाही.

गेल्या महिन्याच्या पानावर लिहिलं आहे: ९०० किलोमीटर, ६२ लिटर. खाली तिघींच्या सह्या आहेत. पहिली सही गाडी चालवणाऱ्या ताईची.