पुटी : सीरियल जोडणी आणि तिची नोंद

राउटर, स्विच किंवा आर्डुइनोसारखा बोर्ड सीरियल केबलने जोडला की त्याच्याशी बोलायला टर्मिनल प्रोग्राम लागतो. सायमन टॅथम यांनी लिहिलेला 'पुटी' हा त्यांतला मोफत आणि भरवशाचा प्रोग्राम.

आधी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'पोर्ट्स'खाली कॉम क्रमांक पाहा. पुटीत 'सीरियल' निवडून तो क्रमांक आणि वेग भरा. पुटी मुळात ९६०० हा वेग धरतो. स्टार्ट बिट, आठ डेटा बिट आणि स्टॉप बिट मिळून एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. दोन्ही बाजूंचा वेग जुळला नाही तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. मजकूर दिसतो, पण टाइप केलेले पोचत नाही, असे झाल्यास फ्लो कंट्रोल 'नन' करून पाहा.

नोंद ठेवण्याची सोय मुळात बंद असते. जोडणी सुरू करण्यापूर्वीच 'सेशन'खालच्या 'लॉगिंग'मध्ये जा. 'प्रिंटेबल आउटपुट' निवडल्यास फक्त वाचता येणारा मजकूर साठतो. 'ऑल सेशन आउटपुट'मध्ये रंग, कर्सर यांचे नियंत्रण-संकेतही येतात. फाइलच्या नावात तारीख-वेळेची चिन्हे घाला, म्हणजे प्रत्येक नोंद वेगळी राहील. शेवटी ही मांडणी नाव देऊन 'सेव्ह' करा.

उपकरण मध्यरात्री बंद पडले, तर कारण शोधायला हीच फाइल कामी येते. मात्र तिच्यात उपकरणाची गोपनीय मांडणीही उतरलेली असू शकते; म्हणून कोणालाही पाठवण्यापूर्वी ती वाचून घ्या.