दुसऱ्याच्या कॅलेंडरांत लिहितांना

गोंदियाच्या आमच्या घरांत भिंतीवरील कॅलेंडराचा धनी कोण, हा प्रश्न कधीं कोणास पडला नाहीं. दुधाचे खाडे थोरल्या वहिनी मांडीत, श्राद्धतिथीभोवतीं वर्तुळ आई काढी. ज्याच्या हातीं पेन्सिल त्यास लिहिण्याचा अधिकार, असा सरळ व्यवहार होता. पुढें धानाच्या गिरण्यांच्या या गांवांत शिकलेल्या मुलांस काम पुरेना. घर एकच राहिलें, पण माणसें चार गांवीं पांगलीं, आणि कॅलेंडर मोबाईलांत गेलें. तेथें प्रत्येक कॅलेंडरास एक मालक असतो, व इतरांस त्यानें रीतसर मुखत्यारी द्यावी लागते. ती अर्धवट राहिली म्हणजे काय होतें, याचा अनुभव आम्हीं गेल्या वर्षीं घेतला.

आईच्या मोतीबिंदूची तपासणी नागपुरास ठरली होती. तारखा सांभाळण्याचें काम पुण्याच्या धाकट्या बंधूंकडे. तारीख चार दिवस पुढें गेल्याचें त्यांस कळलें व त्यांनीं तें तत्काळ टिपलेंही. आम्हीं मात्र जुन्याच तारखेस पहाटेची गाडी पकडून, सुमारें १३० किलोमीटर जाऊन, ८१ वर्षांच्या आईस रुग्णालयाच्या दारांत उभें केलें. परततांना ती कांहीं बोलली नाहीं. आम्हां भावांत मात्र फोनवर नको तें बोलणें झालें. त्यांच्या मोबाईलवर नवी तारीख स्पष्ट होती, माझ्या मोबाईलवर जुनी. खोटें कोणीच बोलत नव्हतें.

उलगडा असा आहे. सर्व्हर म्हणजे कचेरीचें दप्तर. मूळ कागद तेथें राहतो, मोबाईलांत असते ती नक्कल. मोबाईलनें व सर्व्हरनें एकमेकांशीं कसें बोलावें, याचा 'कॅलडॅव्ह' नांवाचा संकेत २००७ सालीं ठरला. त्यांत अधिकार निरनिराळे मानले आहेत: वेळ मोकळी कीं गुंतलेली एवढेंच पाहणें, मजकूर वाचणें, आणि लिहिणें. दुसऱ्याच्या वतीनें निमंत्रणास होकार देणें ही आणखी वेगळी बाब. आम्हीं बंधूंस आईचें कॅलेंडर केवळ वाचण्याचाच अधिकार दिला होता! जुनी नोंद खोडतां येईना, म्हणून त्यांनीं नवी लिहिली. मोबाईलनें ती मुकाट्यानें त्यांच्या स्वतःच्या कॅलेंडरांत टाकली. पडद्यावर दोन्ही कॅलेंडरें एकाच पानावर दिसतात. त्यांस संशय यावा तरी कसा?

अशा वेळीं आधीं वाद थांबवावा, आणि संगणकावर सर्व्हरचें मूळ कॅलेंडर उघडावें. मग मुखत्यारानें एक लटकी नोंद करावी. ती मूळ ठिकाणीं उमटली, पण दुसऱ्याच्या मोबाईलवर आली नाहीं, तर दोष घेणाऱ्याकडे. त्याची नक्कल शिळी आहे, किंवा तें कॅलेंडर दाखविण्याची खूण त्यानें काढून टाकली आहे. मूळ ठिकाणींच नसेल, तर दोष लिहिणाऱ्याकडे किंवा त्याच्या अधिकारांत. अधिकार कोणत्या ईमेलवर दिला तेंही पाहावें. एका माणसाचे दोन पत्ते असतात. सर्व्हर नातें ओळखीत नाहीं, पत्ता ओळखतो. पुष्कळ ठिकाणीं समोरच्यानें तो अधिकार स्वीकारून कॅलेंडर आपल्याकडे जोडून घ्यावें लागतें, आणि नेमकें तेंच राहून जातें. शिवाय नवी नोंद कोणाच्या कॅलेंडरांत चालली आहे, हें ती कायम करण्यापूर्वीं वाचावें. आमचें सारें रामायण या एका ओळीपायीं घडलें.

कित्येक घरांत हा खटाटोप टाळण्यासाठीं एकच पासवर्ड सर्वांस देऊन टाकतात. मला तें मुळींच पसंत नाहीं. कोणीं काय बदललें तें मग कळत नाहीं, आणि सुनेची डॉक्टरकडील वेळ सासऱ्याच्या, म्हणजे माझ्याच, मोबाईलवर घणघणते. आमच्या सूनबाईंनीं हें संकोचानें बोलून दाखविलें. त्यांचें कॅलेंडर इतरांस आतां 'वेळ गुंतलेली' एवढेंच सांगतें. "घरांत लपवायचें तें काय?" असें थोरल्या वहिनी म्हणाल्या, पुढें महिन्याभरानें त्यांनीं आपलेंही तसेंच करून घेतलें.

आईच्या कॅलेंडरांत लिहिण्याचा अधिकार आतां बंधूंस व मला, दोघांसच आहे. पुढच्या तपासणीची तारीख त्यांनीं पुण्याहून लिहिली. ती मीं वाचून दाखविल्यावर आईनें भिंतीवरच्या कॅलेंडरावर पेन्सिलीनें वर्तुळ काढलें.