साबणात शेळी किती?

‘शेळीच्या दुधात कॉस्टिक टाकलं आणि दूध बघता बघता संत्र्याच्या रंगाचं झालं. वर एसटी स्टँडवरच्या मुतारीसारखा वास सुटला. दूध नासलं का?’ घरी साबण करणाऱ्या एका वाचक भगिनींचा हा प्रश्न. सोबत मापंही आहेत: खोबरेल २५० ग्रॅम, शेंगदाणा तेल ४००, एरंडेल १००, शेळीचं दूध २५० आणि कॉस्टिक सोडा १०७ ग्रॅम. मापं चोख आहेत. एवढ्या तेलाला लागेल त्याहून साधारण पाच टक्के कॉस्टिक त्यांनी मुद्दाम कमी घेतलंय, म्हणजे थोडं तेल वडीत मोकळं राहील आणि कातडी ओढली जाणार नाही.

ताई, दूध नासलं नाही, भाजलं. कॉस्टिक विरघळताना आगीसारखं तापतं. १०७ ग्रॅमांतून जवळजवळ १२० किलोज्यूल उष्णता सुटते आणि पाव किलो दूध उकळीच्या आसपास न्यायला तेवढी पुरते. त्या दुधात लॅक्टोज आहे ११ ग्रॅमच्या आसपास. इतक्या जहाल अल्कलीत ही साखर तुटते आणि तिचे तुकडे आधी पिवळे, मग नारिंगी, मग तपकिरी होत जातात. आपली उसाची साखर असती तर एवढी चटकन बिथरली नसती. वास अमोनियाचा. कॉस्टिक दुधातल्या प्रथिनांवर तुटून पडतं तेव्हा तो सुटतो. मुतारीतही तोच वायू असतो, तेव्हा ताईंच्या नाकाला पैकीच्या पैकी गुण. वड्या चार-सहा आठवडे सुकेपर्यंत तो उडून जातो.

यावर घरोघरी साबण करणाऱ्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते: दूध आधी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं आणि त्या खड्यांवर कॉस्टिक चमचा-चमचा भुरभुरायचं. हिशेब करून बघा. पाव किलो दुधात साधारण २२० ग्रॅम पाणी. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायला ३३४ ज्यूल खातो. म्हणजे १२० पैकी ७० किलोज्यूलच्या वर उष्णता तापमान अंशभरही न वाढवता बर्फाच्या पोटात गडप! उरलेल्या उष्णतेत दूध जेमतेम कोमट होतं आणि रंग सायीचा राहतो. उंटावरून शेळ्या हाकतोय असं वाटू नये म्हणून सांगतो, मी हे करून पाहिलंय. पहिल्या खेपेला घाई नडली आणि वड्या गुळाच्या ढेपेसारख्या दिसल्या. भांडं मात्र स्टीलचं हवं. जर्मनच्या पातेल्यात कॉस्टिक घातलंत तर ते अ‍ॅल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन सोडतं. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, आणि नेहमी कॉस्टिक दुधात. दूध कॉस्टिकवर कधीही ओतायचं नाही.

ढवळताना आणखी एक गोष्ट दिसली असेल. तेल अजून घातलेलंही नाही, तरी दूध दाट होऊ लागतं. दुधातल्या स्निग्धाचा तिथल्या तिथे साबण होतोय. आणि इथे मला माझ्या लाडक्या म्हाताऱ्याकडे वळल्याशिवाय राहवत नाही.

मिशेल शेव्रल १७८६ साली फ्रान्समध्ये आँजे गावी जन्मला. तोवर लोक हजारो वर्षं साबण करत होते, पण साबण म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चरबी आणि क्षार एकमेकांना चिकटले की झाला साबण, अशी समजूत. १८११ मध्ये शेव्रलने डुकराच्या चरबीच्या साबणात आम्ल घातलं आणि मोत्यासारखे चमकणारे स्फटिक वेगळे काढले. चरबी क्षाराला चिकटत नाही, फुटते. तिच्यातून आम्लं निघतात, ती क्षाराशी जोडली जाऊन साबण होतो आणि बाजूला एक गोडसर द्रव उरतो, हे त्याने दाखवलं. तो द्रव शील नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला आधीच सापडला होता, पण ‘ग्लिसरीन’ हे नाव शेव्रलचं. फुटलेल्या तुकड्यांचं एकूण वजन मूळ चरबीपेक्षा जास्त भरतं हेही त्याने तराजूवर पकडलं. जास्तीचं वजन पाण्याचं होतं. शाळेत लाव्हाझिए शिकवतात. ज्याच्यामुळे आपल्याला तेल-तूप कळलं त्याचं नावही घेत नाहीत.

लोण्यातून त्याने काही लहान, उग्र वासाची आम्लं काढली. वास बोकडाचा, म्हणून लॅटिन ‘काप्रा’, म्हणजे शेळी, या शब्दावरून दोघांची नावं ठेवली कॅप्रोइक आणि कॅप्रिक. मधलं कॅप्रिलिक पुढच्यांनी भरलं. गंमत पाहा: फ्रेंचमध्ये शेळी म्हणजे ‘शेव्र’. शेव्रलचं आडनाव एका छोट्या हरणाच्या नावावरून आलेलं, पण त्या हरणाचं नावही मुळात लॅटिन शेळीचंच! शेळीने शेळीचं बारसं केलं.

आता ताईंच्या वडीत ही शेळी शोधू. शेळीच्या दुधातल्या स्निग्धात ही तीन आम्लं १५ टक्क्यांच्या आसपास असतात, गायीच्या दुधापेक्षा बरीच जास्त. पाव किलो दुधात स्निग्ध १० ग्रॅम धरलं तर शेळीचा वाटा झाला दीड ग्रॅम. आणि खोबरेल? त्यात कॅप्रिलिक आणि कॅप्रिक मिळून १३ टक्क्यांच्या आगेमागे असतात. २५० ग्रॅममध्ये तीस ग्रॅमच्या वर. म्हणजे या साबणात शेळीपेक्षा वीसपट जास्त ‘शेळी’ नारळाने आणली आहे.

वेष्टनावर मात्र वेगळीच कथा असते. ‘शेळीच्या दुधाचा सामू त्वचेसारखा.’ दुधाचा ६.५ च्या पुढे, त्वचेचा पाचच्या आसपास, आणि साबण झाल्यावर वडीचा ९ ते १०; मूळ दुधाचा काही का असेना. ‘लॅक्टिक आम्ल मृत त्वचा काढतं.’ कॉस्टिकपुढे ते आम्ल राहतंच कुठे? त्याचं सोडियम लॅक्टेट होतं, ज्याने वडी थोडी टणक होते, बस्स. हात मऊ वाटतात हे खरं, पण त्याचं श्रेय मोकळ्या ठेवलेल्या तेलाला आणि ग्लिसरीनला. ७५० ग्रॅम तेलातून सुमारे ८० ग्रॅम ग्लिसरीन निघतं. कारखान्यात बहुधा मीठ घालून ते वेगळं काढतात आणि निराळं विकतात. घरच्या वडीत ते जिथल्या तिथे राहतं. दूध न घालता नुसत्या पाण्यात केलात तरी राहतं. दुधातल्या साखरेने फेस थोडा वाढतो, एवढं मात्र मान्य. प्राचीन रोमन लेखक प्लिनीनेही गॉल लोकांच्या साबणाबद्दल लिहिताना सर्वांत उत्तम तो शेळीच्या चरबीचा आणि बीचच्या राखेचा असं म्हटलंय. चरबीचा, दुधाचा नव्हे.

शेव्रलला अशा दाव्यांची चीड होती. दोऱ्याला टांगलेला लंबक पाऱ्यावर धरला की आपोआप झुलतो, असं तेव्हा लोक मानत. त्याच्याही हातात तो झुलला. मग त्याने स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि लंबक थांबला. झुलवत होती ती आपली नजर आणि आपली अपेक्षा, असं त्याने १८३३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ अँपियरला पत्रातून कळवलं. शंभरी ओलांडून १८८९ च्या एप्रिलमध्ये तो गेला, आयफेल टॉवर उभा राहिल्यावर काहीच दिवसांनी. त्या टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्याचंही आहे.

तेव्हा ताई, पुढच्या खेपेला दोन घाणे करा, एक दुधात आणि एक पाण्यात, बाकी मापं तीच. सहा आठवडे सुकू द्या. मग शेजारणीला बोलवा आणि हात धुवायला लावा. दुधाची वडी रंगावरून ओळखू येईल, म्हणून आधी तिचे डोळे बांधा. कुठली वडी कुठली हे तुम्हालाही माहीत नसेल तर फारच उत्तम. वड्या घरातल्या कुणालातरी हातात द्यायला सांगा. निकाल काय लागला ते कळवा.