बाळ सांभाळणाऱ्या बाईचे तास कमी झाले, तर भत्ता कोण देतं?

चुडाव्यासारख्या गावातून पूर्णेला किंवा नांदेडला कामाला जाणाऱ्या बाईचा रोजगार कुणाच्या तरी बाळाच्या वयावर टांगलेला असतो. बाळ अडीच-तीन वर्षांचं होऊन बालवाडीत जायला लागलं की घरातून निरोप येतो, "मावशी, उद्यापासून दुपारीच या." आठ तासांचे चार होतात, पगार निम्मा होतो, जाण्यायेण्याचं भाडं मात्र तेवढंच राहतं. अशा वेळी शेजारच्या बायका हमखास सांगतात, "तुझं कार्ड आहे ना, बेकारभत्ता मिळंल की!"

कार्ड म्हणजे बहुतेक वेळा ई-श्रमचं. हे पोर्टल 26 ऑगस्ट 2021 ला सुरू झालं. त्यावर असंघटित कामगार म्हणून नोंद होते, 12 अंकी क्रमांक मिळतो. पण काम सुटलं किंवा तास घटले म्हणून त्या कार्डावर एक रुपयाही जमा होत नाही.

दुसरा समज घरेलू कामगार मंडळाबद्दलचा. महाराष्ट्रानं 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, ही मोठी गोष्ट आहे, आणि मुलं सांभाळणारी बाई त्यात बसते. 18 ते 60 वयाच्या कामगाराला नोंदणी करता येते. बाळंतपणासाठी मदत, अंत्यविधीसाठी मदत, वयाची 55 वर्षं पूर्ण झालेल्या नोंदीत कामगाराला 10 हजार रुपयांचं सन्मानधन, असे लाभ मंडळाकडून मिळाले आहेत. 2021 च्या टाळेबंदीत नोंदीत घरकामगारांना 1,500 रुपये दिले गेले, त्यावरून मंडळ बेकारभत्ता देतं असा अर्थ अनेकींनी काढला. ती त्या संकटापुरती एकदाची मदत होती. तरीही नोंदणी जरूर करावी; नाव यादीत नसेल तर अशी मदतही हुकते, आणि ज्यांची नोंद नव्हती त्यांची तेव्हा हुकलीच.

"कंपनीतल्या लोकांना काम सुटल्यावर पैसे मिळतात, मग आम्हाला का नाही?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. राज्य कामगार विम्याची 2018 ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना बेकारीत सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त 90 दिवस देते. पण ती विम्याची वर्गणी भरणाऱ्या कामगारांसाठी आहे, आणि तो विमा कारखाने व आस्थापनांना लागू होतो. खासगी घर त्यात येत नाही. कारखान्यात काम थांबलं तर मिळणारी ले-ऑफची भरपाईही इथे लागू नाही, कारण नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनं 'उद्योगा'च्या व्याख्येतून घरगुती सेवा स्पष्ट शब्दांत वगळली आहे. जिच्या भरवशावर आईबाप निर्धास्तपणे कामावर जातात, तिचं काम उद्योगात धरलं जात नाही, हे मला मुळीच पटत नाही. पण आजचा कायदा असा आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या नातलगांकडून ऐकलेली गोष्ट मात्र खरी असते. तिथे घरातल्या कामगाराला एका तिमाहीत 1,000 डॉलर किंवा त्याहून जास्त पगार दिला, तर त्या कुटुंबाला बेकारी विम्याचा कर भरावा लागतो, आणि तास घटल्यावर बहुतेक राज्यांत अंशतः भत्ता मागता येतो. आपल्याकडे घरमालकाकडून अशी वर्गणीच घेतली जात नाही, त्यामुळे भत्ता देणारा निधीही नाही.

आता शेजारणींच्या सल्ल्यातला बरोबर भाग. बेकारभत्ता कायद्यात आहे, पण तो ग्रामपंचायतीच्या वाटेनं येतो. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रानं 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला. देशाचा कायदा 2005 साली आला. ग्रामीण भागात राहणारं कुटुंब आणि अंगमेहनतीची तयारी असलेली प्रौढ व्यक्ती, एवढीच अट. आधीचं काम पूर्ण सुटलं पाहिजे असं त्यात कुठेही नाही. जॉबकार्ड असलेल्या बाईनं नमुना 4 भरून काम मागितलं आणि 15 दिवसांत मिळालं नाही, तर भत्ता लागू होतो: पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, पुढे किमान निम्मा. राज्यात 2025-26 चा दर 312 रुपये, म्हणजे आधी 78 आणि नंतर 156 रुपये रोज. डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं या कायद्याच्या जागी नवा मंजूर केला. त्यात हमीचे दिवस 125 आहेत, भत्त्याचं तत्त्व कायम आहे, पण पेरणी-काढणीच्या काळात एकूण 60 दिवस कामं बंद ठेवण्याची तरतूदही आहे.

सगळं अडतं ते पोचपावतीवर. "काम निघालं की सांगतो," असं तोंडी उत्तर मिळालं तर कागदावर मागणी झालेलीच नसते, आणि तारखेची पावती नसेल तर 15 दिवस मोजणार कुठून? ग्रामरोजगार सेवकाकडून सही आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय उठू नये. मिळालेल्या कामावर मुदतीत हजर झालं नाही, तर 2005 च्या कायद्याप्रमाणे 3 महिने भत्त्याचा हक्क जातो, हेही ध्यानात ठेवावं.

अर्धवेळ काम उरलेल्या बाईची अडचण याहून अवघड आहे. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर मोबाइल ॲपवर हजेरीचे दिवसातून दोन फोटो लागतात, एक सकाळी आणि एक दुपारनंतर. दुपारी नांदेडला बाळाकडे पोचायचं तर दुसऱ्या फोटोत ती असणार कशी? म्हणजे घटलेले चार तास या कामानं भरून निघत नाहीत. तिला उरलेलं काम सोडून तरी यावं लागतं, नाहीतर निम्म्या पगारावर भागवावं लागतं. हा निर्णय तिला विचार करून घेता यावा, म्हणून घरमालकांनी तास कमी करायचं ठरलं की निदान महिनाभर आधी सांगावं, कारण अर्ज, पोच आणि 15 दिवसांची मुदत यातच तो महिना निघून जातो.