ट्रॅक्टरचा 'चोक' नेमका कोणता? चावी फिरवूनही इंजिन बंद का होत नाही?

भंडारा जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत एकच ट्रॅक्टर तीन-चार जणांच्या हातून जातो. मालक, त्याचा मुलगा, रोजाने लावलेला ड्रायव्हर, कधी शेजारचा पोरगा. 'रेस', 'चोक', 'स्पीड' हे शब्द सगळ्यांच्याच तोंडी असतात. पण ते शब्द कोणत्या कळीचे आणि ती कळ काय करते, याबद्दल मोठा गोंधळ आहे.

समजा, बांधीत चिखलणी सुरू आहे आणि रोटाव्हेटरमध्ये कुणाचा तरी दुपट्टा अडकला. धुऱ्यावरचा माणूस धावत येतो आणि मोटारसायकलच्या सवयीने चावी उलटी फिरवतो. मीटरवरचे दिवे विझतात. इंजिन मात्र चालूच राहते आणि रोटाव्हेटरही फिरत राहतो. जुन्या पद्धतीच्या बहुतेक ट्रॅक्टरांत हे असेच होणार, कारण तिथे चावी आणि इंजिन बंद होणे यांचा संबंध नाही.

चावीने इंजिन बंद का होत नाही?

पेट्रोलच्या गाडीत स्पार्क प्लगची ठिणगी इंधन पेटवते. चावी बंद केली की ठिणगी थांबते आणि इंजिनही थांबते. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती प्रचंड तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. एकदा सुरू झालेल्या अशा इंजिनाला विजेची गरज उरत नाही. चावी फक्त स्टार्टर, दिवे आणि मीटर यांना वीज देते. इंजिन थांबवायचे तर डिझेल तोडावे लागते. त्यासाठी डॅशबोर्डवर किंवा स्टिअरिंगजवळ ओढायची एक मूठ असते. तिची तार थेट डिझेल पंपापर्यंत जाते.

याच मुठीला कुणी 'स्टॉप' म्हणते, कुणी 'स्टॉपर', आणि अनेक जण 'चोक'. गोंधळाची खरी सुरुवात या तिसऱ्या नावापासून होते.

मग चोक म्हणजे काय?

जुन्या स्कूटरला चोक असायचा. थंडीत तो ओढला की कार्बोरेटरमध्ये जाणारी हवा कमी व्हायची, पेट्रोलचे प्रमाण वाढायचे आणि गाडी सुरू व्हायची. म्हणजे खरा चोक हा इंजिन सुरू करण्यासाठी असतो, तर ट्रॅक्टरचा 'चोक' बंद करण्यासाठी. स्कूटरवर हात बसलेल्या माणसाने थंड सकाळी ट्रॅक्टरचा 'चोक' ओढून स्टार्टर मारला, तर डिझेलच जाणार नाही. स्टार्टर घरघरत राहील आणि बॅटरी उतरेल. काही ट्रॅक्टरांत ही मूठ ओढल्यावर बाहेरच राहते, आदल्या संध्याकाळी ती आत ढकलायचे राहून गेले तरी परिणाम तोच.

गंमत अशी की 'चोक' आणि 'थ्रॉटल' या दोन्ही इंग्रजी शब्दांचा मूळ अर्थ गळा आवळणे असाच आहे. पेट्रोल इंजिनात या दोन्ही गोष्टी हवेच्या वाटेवर असतात. साध्या डिझेल इंजिनाचा हा गळा कायम उघडा असतो. हवा हवी तेवढी जाते, कमी-जास्त होते ते फक्त डिझेल.

एक अपवाद आहे आणि तो धोक्याचा आहे. तेलाच्या एअर क्लीनरमध्ये खुणेच्या वर तेल भरले, तर इंजिन ते तेल हवेसोबत ओढून जाळू लागू शकते. अशा वेळी रेस आपोआप वाढत जाते आणि स्टॉप ओढूनही उपयोग होत नाही, कारण इंजिन डिझेलवर चालतच नसते. तेव्हा हवाच तोडावी लागते, तीही हाताने नव्हे, तर रुंद फळीने तोंड झाकून. चोक हा शब्द ट्रॅक्टरला खऱ्या अर्थाने लागू पडतो, तो एवढ्या एका प्रसंगी.

'रेस' वाढवली म्हणजे काय वाढले?

हाताच्या लिव्हरला कुणी रेस म्हणते, कुणी हँड अॅक्सिलेटर, पुस्तकात थ्रॉटल. ही लिव्हर किती डिझेल जाणार ते ठरवते, असा सर्वसाधारण समज आहे. इंजिनिअरिंगला जाईपर्यंत माझाही तोच होता. प्रत्यक्षात लिव्हर फक्त हुकूम देते : 'मिनिटाला १८०० फेरे ठेव.' तो हुकूम पाळण्याचे काम गव्हर्नरचे. (कॉलेजात गव्हर्नर म्हणजे फिरणाऱ्या दोन गोळ्यांची आकृती काढायची आणि पुढच्या धड्याकडे वळायचे.) जुन्या पंपात खरोखरच अशी फिरणारी वजने असतात. रोटाव्हेटर घट्ट चिखलात शिरला की फेरे जरा कमी होतात, वजने आत येतात आणि पंप जास्त डिझेल सोडतो. भार हलका झाला की उलटे. ड्रायव्हरने लिव्हरला हातही लावलेला नसतो.

हे कळले की एका नेहमीच्या चुकीचा उलगडा होतो. चिखलात इंजिन दमते, काळा धूर निघतो आणि धुऱ्यावरून आवाज येतो, 'रेस दे!' पण फेरे हुकुमाच्या बरेच खाली गेले असतील, तर गव्हर्नरने आधीच शक्य तेवढे डिझेल सोडलेले असते. काळा धूर त्याचीच खूण आहे. लिव्हर आणखी ओढून त्यात काही भर पडत नाही. गेअर उतरवणे किंवा रोटाव्हेटर थोडा वर घेणे, हाच उपाय.

'स्पीड कमी कर' : कोणता?

ट्रॅक्टरवर तीन स्पीड असतात. इंजिनाचा, चाकांचा आणि पीटीओचा, म्हणजे मागून निघणाऱ्या ज्या दांड्यावर रोटाव्हेटर फिरतो त्याचा. पीटीओचा प्रमाण वेग मिनिटाला ५४० फेरे. एखाद्या ट्रॅक्टरमध्ये तो इंजिनाच्या १८०० फेऱ्यांना मिळत असेल, तर इंजिन १५०० वर आणल्यावर पीटीओ ४५० वर येतो. बांधीत ट्रॅक्टर हळू चालवायचा म्हणून रेस कमी केली, तर चाकांबरोबर रोटाव्हेटरही मंदावतो आणि चिखल नीट होत नाही. चाके हळू आणि रोटाव्हेटर जोरात हवा असेल, तर रेस तशीच ठेवून खालचा गेअर घ्यावा लागतो.

चिन्हे यात मदत करतील असे वाटते. ससा म्हणजे जलद, कासव म्हणजे मंद. ट्रॅक्टरवरच्या चिन्हांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ३७६७ आहे आणि भारतीय मानक ब्युरोचे आयएस ६२८३. पण ससा-कासव रेसच्या लिव्हरजवळ असतात, अनेक ट्रॅक्टरांवर हाय-लो गेअरजवळही, आणि काहींवर हायड्रॉलिक किती झटकन खाली यावे ते ठरवणाऱ्या कळीजवळही. ससा तोच, शर्यत वेगळी. त्यात स्टिकर दोन पावसाळ्यांत पुसट होते. लिव्हरची दिशाही सारखी नसते. काही ट्रॅक्टरांत ती खाली ओढली की रेस वाढते, काहींत पुढे ढकलली की.

पायाचा अॅक्सिलेटर आणि हाताची लिव्हर यांचे नातेही सांगून ठेवायला हवे. पायाने रेस वाढवता येते, पण हाताने लावलेल्या पातळीच्या खाली आणता येत नाही. बांधीतले काम संपवून ट्रॅक्टर रस्त्यावर आणला आणि लिव्हर वरच राहिली, तर वळणावर पाय काढूनही इंजिन ढकलत राहते. शेतातून निघताना लिव्हर कासवाकडे नेणे म्हणूनच गरजेचे.

संकटात काय ओरडायचे?

चिखलात फसलेला ट्रॅक्टर जोर लावून काढताना पुढची चाके उचलली जाऊ शकतात. मागची चाके फिरत नसतील तर इंजिन ट्रॅक्टरचे धडच चाकांभोवती फिरवू लागते, आणि ट्रॅक्टर एक-दीड सेकंदात ड्रायव्हरवर उलटू शकतो. त्या क्षणी 'बंद कर' ही चुकीची हाक आहे. मूठ शोधून ओढेपर्यंत वेळ गेलेली असते. हाक हवी 'क्लच!' क्लच दाबला की चाकांकडे जाणारा जोर लगेच तुटतो.

रोटाव्हेटरमध्ये कुणी अडकले तर मात्र हाक हवी 'स्टॉप!' दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये क्लच अर्धा दाबल्यावर फक्त चाके थांबतात, पीटीओ थांबवायला तो पूर्ण दाबावा लागतो. घाईत हा फरक लक्षात राहत नाही, आणि बाहेरून धावत आलेल्याला तो माहीतही नसतो. दोन्ही प्रसंगांत 'चोक ओढ' म्हटले, तर ऐकणाऱ्याला काय कळेल हे त्याने आधी काय चालवले आहे यावर अवलंबून राहते.

तासाचे भाडे, पण कोणता तास?

चिखलणीचे भाडे तासावर ठरते तेव्हा शब्दाचा प्रश्न थेट पैशाचा होतो. केबलवर चालणाऱ्या जुन्या मीटरमधला 'तास' घड्याळ मोजत नाही, इंजिनाचे फेरे मोजतो. मीटर १५०० फेऱ्यांवर बसवलेला असेल आणि काम १८०० वर झाले, तर घड्याळात ५० मिनिटे होताच मीटरवर एक तास पूर्ण होतो. इंजिन १५०० च्या खाली चालले तर उलटे. सर्व्हिसिंगसाठी ही मोजणी योग्यच आहे, भाड्यासाठी मात्र घड्याळ की मीटर हे बांधीत उतरण्यापूर्वीच बोलून घ्यावे. नव्या डिजिटल मीटरांत सहसा प्रत्यक्ष वेळ मोजली जाते.

नव्या ट्रॅक्टरांत काय बदलले?

५० एचपीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे प्रदूषण निकष लागू झाले. त्यानंतरच्या अशा अनेक मॉडेलांत डिझेल किती सोडायचे ते संगणक ठरवतो. हाताची लिव्हर त्याला फक्त विजेचा इशारा देते आणि इंजिन चावीने बंद होते. ओढायची मूठच राहिली नाही. लहान ट्रॅक्टरांना तेव्हा हा टप्पा लागू झाला नाही, त्यामुळे एकाच गावात दोन्ही प्रकार दिसतात. काही लहान ट्रॅक्टरही आता चावीने बंद होतात.

तुमचा ट्रॅक्टर कोणत्या प्रकारचा, हे पाहायला दोन मिनिटे पुरतात. सपाट जागा, न्यूट्रल, पीटीओ बंद, हँडब्रेक लावलेला, रेस कमी. आता चावी बंद करा. इंजिन चालूच राहिले तर स्टॉपची मूठ शोधा, ओढून थांबवा आणि ती जागा लाल रंगाने रंगवा. ट्रॅक्टर न चालवणाऱ्या घरच्या माणसांनाही ती दाखवून ठेवा.