गुप्तवार्तेचं सर्वांत जुनं खातं

इंटेलिजन्स ब्युरोच्या अधिकाऱ्याला कोणालाही अटक करता येत नाही. गुन्हा नोंदवणं किंवा आरोपपत्र दाखल करणं हेही त्याच्या अधिकारात नाही. माहिती मिळवायची, ती पारखायची आणि वेळेत योग्य हाती द्यायची, इतकंच त्याचं काम. पुढची कारवाई राज्याचे पोलीस, एटीएस किंवा एनआयए करतात. छाप्याची बातमी येते, अटकेचे फोटो छापले जातात. पहिली खबर कुणाची होती हे मात्र बहुधा कधीच बाहेर येत नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतली ही संस्था, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘आयबी’, जगातल्या सर्वांत जुन्या गुप्तचर संस्थांपैकी एक आहे. देशाच्या अंतर्गत सुरक्षेचा एवढा भार वाहणाऱ्या या संस्थेला आजही स्वतःचा कायदा नाही.

तिचा जन्म झाला तो सरकारी आदेशातून. डिसेंबर १८८७ मध्ये लंडनहून भारतमंत्र्यांनी ‘सेंट्रल स्पेशल ब्रँच’ला मंजुरी दिली. सीमेपलीकडे रशियाची धास्ती होती आणि देशात काँग्रेस नुकतीच स्थापन झाली होती. १९०४ मध्ये व्हाइसरॉय कर्झनच्या काळात हे काम गुन्हेगारी गुप्तवार्ता खात्याकडे गेलं आणि १९२० मध्ये ‘इंटेलिजन्स ब्युरो’ हे नाव आलं.

ब्रिटिशांच्या या पाळतीचा मोठा रोख महाराष्ट्रावर होता. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडचा वध झाला, १९०९ मध्ये नाशिकात कलेक्टर जॅक्सनचा. टिळकांची भाषणं, अभिनव भारतच्या हालचाली, गणेशोत्सवातले मेळे यांवर पोलिसांची नजर असे. पुढे मुंबई सरकारने स्वातंत्र्य चळवळीच्या इतिहासाची साधनं खंडरूपाने प्रसिद्ध केली, तेव्हा त्यात सरकारी दप्तरातली हीच कागदपत्रं मोठ्या प्रमाणात आली. आपल्या पुढाऱ्यांच्या सभांचा तपशील अभ्यासक आज त्यातून वाचतात. त्यातली तारीख, गर्दी, वक्त्यांची नावं उपयोगी आहेत. पण बोलणारा नागरिक म्हणजे संशयित, हे गृहीतक त्या नोंदींमागे कायम आहे. १९४७ मध्ये स्वतंत्र भारताला हे खातं मिळालं, ते या गृहीतकासकट.

पहिले भारतीय संचालक टी. जी. संजीवी पिल्ले. त्यांच्यानंतर १९५० पासून १९६४ पर्यंत बी. एन. मलिक होते. त्या काळात देशाबाहेरच्या हेरगिरीची आणि सीमेवरच्या ठाण्यांचीही जबाबदारी आयबीकडे होती. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याने भारतीय तुकडीवर हल्ला केला आणि १० पोलीस शहीद झाले. त्या तुकडीचे प्रमुख करमसिंग हे आयबीचे अधिकारी होते. आपण दरवर्षी पोलीस स्मृतिदिन पाळतो, तो याच दिवशी. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांनी बाहेरच्या माहितीतल्या उणिवा उघड्या पाडल्या. १९६८ मध्ये रामेश्वरनाथ काव यांच्या नेतृत्वाखाली बाहेरच्या हेरगिरीसाठी ‘रॉ’ ही संस्था वेगळी झाली आणि आयबी देशांतर्गत कामापुरती उरली.

जुनी सवय मात्र सुटली नाही. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या कुटुंबीयांवर स्वातंत्र्यानंतर वीस वर्षं पाळत होती, हे २०१५ मध्ये खुल्या झालेल्या कागदपत्रांतून कळलं. आणीबाणीनंतर जनता सरकारने एल. पी. सिंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून आयबी आणि सीबीआयच्या कारभाराची तपासणी करवली. ते प्रयत्न कायद्यापर्यंत पोहोचले नाहीत.

दुसरी उणीव, हाती आलेली माहिती एकत्र न जोडण्याची, मुंबईला भोगावी लागली. कारगिल युद्धानंतर, २००१ मध्ये, वेगवेगळ्या यंत्रणांची माहिती एकत्र यावी म्हणून आयबीत मल्टी एजन्सी सेंटर स्थापन झालं. तरीही २६ नोव्हेंबर २००८ ला दहशतवादी समुद्रातून शहरात उतरले. माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या समितीने या हल्ल्याच्या वेळच्या पोलिसांच्या कामगिरीचा अभ्यास केला. केंद्र सरकारकडून राज्याला इशारे आले होते. ते एकमेकांशी जोडून पाहणारी आणि त्यांवर कृती करणारी व्यवस्था कमी पडली. त्यानंतर मल्टी एजन्सी सेंटर चोवीस तास चालू लागलं आणि राज्यांशी जोडलं गेलं. माहिती वाटून घेणं हे कर्तव्य आहे, हा धडा मुंबईने १६६ जीव गमावून देशाला दिला.

उरला आहे तो कायद्याचा प्रश्न. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्रीय गुप्तवार्ता विभागाचा उल्लेख आहे, पण त्याआधारे संसदेने आयबीचा कायदा केलेला नाही. १९८५ च्या कायद्याने गुप्तचर कर्मचाऱ्यांच्या संघटना करण्याच्या हक्कावर मर्यादा आणल्या. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप वगळता माहिती अधिकारही या संस्थेला लागू नाही. म्हणजे कर्मचाऱ्याला बांधणारा कायदा आहे, नागरिकाला दारात थांबवणारा कायदा आहे. संस्थेनं काय करावं आणि काय करू नये हे सांगणारा कायदा तेवढा नाही. फोन ऐकण्याची परवानगी गृहसचिव देतात आणि तिची फेरतपासणी पुन्हा सचिवांचीच समिती करते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा त्यात हस्तक्षेप करायचा तर कायद्याचा आधार हवा आणि तो प्रमाणात हवा, असंही स्पष्ट केलं.

ब्रिटनच्या एमआय-५ नेही १९०९ पासून ऐंशी वर्षं कायद्याविना काम केलं. १९८९ मध्ये तिला कायदा मिळाला आणि १९९४ मध्ये संसदीय समितीची देखरेख आली. त्याने ती संस्था लुळी पडली नाही. आपल्याकडे मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये लोकसभेत अशा आशयाचं खासगी विधेयक मांडलं; ते पुढे सरकलं नाही.

आता धोके एन्क्रिप्टेड संदेशांतून, ड्रोनमधून, सायबर हल्ल्यांतून येतात. आयबीला माणसं आणि तंत्रज्ञान दोन्ही जास्त लागणार आहेत, आणि ती मिळायलाच हवीत. पण साधनं जितकी धारदार, तितकी त्यांची मर्यादा लिखित हवी. कामाची व्याप्ती, पाळतीला स्वतंत्र मंजुरी, संसदेची गोपनीय देखरेख आणि बेकायदा हुकूम नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण, एवढ्या चार गोष्टी कायद्यात आल्या तरी खूप झालं. पुण्यात अभ्यासिकांमध्ये आयबीतल्या एसीआयओ (सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी) पदाच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं उद्या या खात्यात जातील. आपण कुणासाठी काम करतो आणि कुठे थांबायचं, याचं उत्तर त्यांना वरिष्ठांच्या मर्जीतून मिळू नये. ते संसदेने लिहून दिलेलं असावं.