हिवाळी सुट्टी, तीन दिवस आणि तीन हजार रुपये

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण मराठी घरांत लहानपणापासून दिली जाते. मात्र ते अंथरूण स्वतः मोजण्याचा प्रसंग अनेक मुलांवर प्रथम येतो, तो आईवडिलांविना केलेल्या पहिल्या प्रवासात.

नैऋत्य दिल्लीतील आर. के. पुरम ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत. बदलीच्या निमित्ताने येथे आलेल्या कुटुंबांत मराठी कुटुंबेही आहेत. उन्हाळ्यात गोवा एक्सप्रेस किंवा झेलम एक्सप्रेसने गाव गाठता येते; पण हिवाळी सुट्टी लहान असते आणि पुण्याला जाण्यायेण्यातच दोन दिवस खर्ची पडतात. साहजिकच महाविद्यालयीन मुलांची नजर सुमारे तीनशे किलोमीटरवरील जयपूरकडे वळते. घरातून मग दोन प्रश्न येतात : पैसे किती लागतील आणि काही अडले तर काय कराल? सुनियोजित अंदाजपत्रक या दोन्ही प्रश्नांचे उत्तर देते.

तयारी एप्रिलपासून

समजा, चार मित्रांनी प्रत्येकी ३,००० रुपयांत तीन दिवसांची सहल ठरवली. दरमहा ५०० रुपयांची सहा महिन्यांची आवर्ती ठेव एवढी रक्कम उभी करते. व्याज मिळते ते वेगळेच. येथे एक बारकावा ध्यानी घ्यावा. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. म्हणजे डिसेंबरअखेरच्या प्रवासाचे तिकीट ऑक्टोबरअखेर काढावे लागते. ठेव जूनमध्ये सुरू केली, तर आरक्षणाच्या वेळी पैसा हाती नसतो. ती एप्रिलमध्ये सुरू केल्यास ऑक्टोबरमध्ये परिपक्व होते आणि तत्काळ तिकिटाचा जादा भुर्दंड टळतो.

विद्यार्थ्यांना रेल्वेत सवलत असते. परंतु ती मूळ गावी जाण्यासाठी अथवा शैक्षणिक सहलीसाठी, संस्थाप्रमुखांच्या प्रमाणपत्रावर मिळते. मित्रांच्या हौशी सहलीला ती गृहीत धरू नये.

खर्चाची विभागणी

प्रत्येकाच्या ३,००० रुपयांची मांडणी अशी करता येईल : जाण्यायेण्याचे भाडे ६००, दोन रात्रींचा निवास ९००, भोजन ७००, शहरातील प्रवास व प्रवेश तिकिटे ४०० आणि राखीव ४००. प्रत्यक्ष दर पाहून आकडे बदलावेत. राखीव रकमेला मात्र हात लावू नये. जाण्याचे आणि परतीचे तिकीट एकाच वेळी काढावे. जयपूरच्या अनेक गाड्या दिल्ली कँट स्थानकावर थांबतात, आर. के. पुरमहून नवी दिल्ली स्थानकापेक्षा ते जवळचे आहे.

वर्षअखेरीस जयपुरात पर्यटकांची गर्दी असते. त्यामुळे युवा वसतिगृह, धर्मशाळा किंवा साधे हॉटेल आधीच ठरवावे आणि आरक्षण रद्द करण्याच्या अटी वाचाव्यात. रेल्वे स्थानकाजवळून मेट्रोने बडी चौपड गाठता येते. सवाई प्रतापसिंहांनी १७९९ मध्ये बांधलेला हवामहल तेथून पायी अंतरावर आहे, आणि सुमारे ११ किलोमीटरवरील आमेरला जाण्यासाठी तेथून शहर बसही मिळते. प्रमुख शासकीय स्मारकांसाठी एकत्रित तिकीट असून विद्यार्थ्यांना सवलत आहे. महाविद्यालयाचे ओळखपत्र जवळ हवे.

सहलीचा पहिला धडा मात्र दिल्लीतच गिरवावा. सवाई जयसिंहांनी उभारलेली पाच शहरांतील वेधशाळांपैकी एक, १७२४ ची, संसद मार्गावर आहे. ती आधी पाहिली, म्हणजे जयपूरच्या जंतरमंतरमधील सुमारे २७ मीटर उंचीचे सम्राट यंत्र अधिक उमगते. ते जगातील सर्वांत मोठे दगडी सूर्यघड्याळ मानले जाते.

राखीव रक्कम कशासाठी?

डिसेंबर-जानेवारीत उत्तर भारतात दाट धुके पडते. गाड्या कित्येक तास उशिरा धावतात, क्वचित रद्दही होतात. अशा रात्री चौघांचे मिळून १,६०० रुपये शिल्लक असतील, तर साध्या बसने दिल्ली गाठता येते किंवा एक रात्र मुक्काम वाढवता येतो. हीच रक्कम लाखेच्या बांगड्या आणि रजयांच्या खरेदीत संपली असेल, तर फलाटावरून घरी दूरध्वनी करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. रद्द झालेल्या गाडीचे भाडे परत मिळते. पण ते त्याच रात्री हाती येईलच असे नाही.

म्हणून राखीव रक्कम खात्यातच ठेवावी. सर्व रोकड एकाजवळ देऊ नये. किमान दोघांजवळ डेबिट कार्ड असावे, कारण मोबाइलची बॅटरी संपली की त्यावरून पैसे देणेही थांबते. गुप्त क्रमांक मात्र जिवलग मित्रालाही सांगू नये. ई-तिकीट काढताना प्रवास विम्याचा पर्याय निवडावा. त्याचा हप्ता प्रतिप्रवासी एक रुपयाहूनही कमी आहे. रोज रात्री दहा मिनिटे बसून त्या दिवसाचा हिशेब लिहावा. पहिल्या दिवशी जास्त खर्च झाला असेल, तर दुसऱ्या दिवशी हात आखडता घेता येतो.

काटकसर म्हणजे मन मारणे नव्हे. ओळखपत्र आणि मेट्रोमुळे वाचलेल्या पैशांतून गरम प्याज कचोरीचा आस्वाद अवश्य घ्यावा. सहल आटोपून घरी परतलेल्या मुलाने हिशेबाची वही आणि उरलेले चारशे रुपये वडिलांपुढे ठेवले, तर पुढच्या सुट्टीत परवानगीसाठी त्याला फारसे आर्जव करावे लागणार नाही.